वेशीकडील क्लबाची पाठ

करंजपूरच्या मैदानावर सामना पाहायला आलेले पाहुणे एक गोष्ट हमखास विचारतात. वेशीकडील फुटबॉल क्लबाविरुद्ध पेनल्टी मिळाली, की क्लबाचे सगळे समर्थक गोलकडे पाठ करून उभे राहतात. तीन-चार हजार माणसे एकदम वळतात. खेळाचा सगळ्यात अटीतटीचा क्षण आणि नेमका तोच पाहायचा नाही, हे काय आहे? त्याची हकिकत मी दोन वृद्धांकडून वेगवेगळी ऐकली. दोघांचे सगळेच जुळत नाही. जुळते तेवढे सांगतो.

सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी इथे क्लब नव्हता, वेशीकडील तालीम होती. तिचे वस्ताद दौलू कारंडे. शेजारच्या गावांनी फुटबॉलचे संघ काढले, तेव्हा वस्तादांनीही आपले अकरा पैलवान मैदानात उतरवले. पहिली दोन वर्षे संघ सपाटून हरला. चेंडू आला की पैलवान चेंडू सोडून माणसालाच धरत, असे सांगतात. तिसऱ्या वर्षी वस्तादांनी तालमीत कधी न घडलेली गोष्ट केली. पगार देऊन बाहेरचा खेळाडू आणला. नदीपलीकडच्या सोनकड्याचा गोलकीपर, तातोबा इंगवले. हा क्लबाचा पहिला पगारी खेळाडू, आणि क्लबाची खरी सुरुवात त्याच्यापासूनच धरतात.

तातोबा आला आणि संघ जिंकू लागला. पण पगारी माणूस आपला कसा, हा प्रश्न त्याच्यासोबतच गावात आला. उपान्त्य सामन्यात एक साधा चेंडू त्याच्या हातून निसटला. सामना कसाबसा जिंकला, पण अंतिम सामना पडला सोनकड्याशीच. त्यांच्याकडून पेनल्टी मारणारा रंगराव हा तातोबाच्या बहिणीचा नवरा. दोघे बाजारात चहा पिताना कोणीतरी पाहिले म्हणे. एवढे पुरले.

वस्तादांनी त्याला तालमीत बोलावले. कुस्तीच्या हौद्यातली माती हातात घेऊन पैलवान खोटे बोलत नाही, असा तिथला नेम.

"तातोबा, माती उचल आन् सांग, इमानानं खेळशील."

तातोबाने हात पुढे केला नाही. "वस्ताद, आज उचलली तर उद्या परत उचलाय लावशीला. दर सामन्याला उचलू काय?"

"खरं बोलणाऱ्याला कशाची भीती रं?"

"भीती न्हाई. पर माझं खरं तुमच्या हौद्यात न्हाई, गोलात हाय."

हे उत्तर वस्तादांना आवडले नाही. त्यांनी चाळीस पैलवान सरावापासूनच गोलमागे उभे केले. काम एकच, तातोबाचे हातपाय बघायचे. महिनाभर तो पुढून येणारा चेंडू आणि मागून येणाऱ्या चाळीस नजरा यांच्यामध्ये उभा होता.

अंतिम सामन्यातही तेच. मागून कुजबुज चालू होती. "बघ, डावीकडं सरकला." "मेव्हण्याला खूण केली काय?" एकदा न राहवून तातोबाने मागे वळून पाहिले आणि तेवढ्यात गोल झाला. मागचे म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? तरी वेशीकडीलने दोन गोल केले. शेवटची दोन मिनिटे उरली असताना आपल्याच एका पैलवानाने जुन्या सवयीने समोरच्याच्या कमरेत हात घालून त्याला उचलून आपटले. पंचांनी पेनल्टी दिली. मारायला रंगराव आला.

तातोबा गोलमधून बाहेर आला, पंचांना थांबा म्हणाला आणि सरळ वस्तादांसमोर जाऊन उभा राहिला.

"वस्ताद, ह्यो अडला न्हाई तर मी चोर. अडला तर मेव्हण्यानं मुद्दाम हातात दिला, आसंच म्हणशीला न्हवं?"

वस्तादांनी रंगरावाकडे पाहिले.

"मग बघून काय करताय? पाठ करा."

असे सांगतात की आधी वस्ताद वळले. त्यांच्यामागे चाळीस पैलवान वळले आणि हळूहळू गावही वळले. शिट्टी झाली. चेंडूचा आवाज आला. मग सोनकड्याच्या बाजूने एकही आवाज आला नाही.

लोक वळले तेव्हा तातोबा रेषेच्या अलीकडे चेंडूवर पालथा पडला होता. उजव्या हाताची दोन बोटे उलटी वळली होती. वस्ताद त्याला उचलायला धावले. तो म्हणाला, "आधी सांगा. बघितलं काय?"

"न्हाई. शपथ."

"शपथ नगं. एकदा पाठ केलीसा, पर त्याआधी महिनाभर तोंड माझ्याकडंच हुतं."

चषक गावात आला. तातोबा आला नाही. बोटे बांधून घेऊन तो निघून गेला. सोनकड्यालाही परतला नाही, कारण रंगरावाने मेव्हण्यासाठी पेनल्टी मुद्दाम घालवली, असा तिथे संशय घेतला जात होता. संध्याकाळी तालमीत कोणीतरी पुटपुटले, की कोणी बघितलेच नाही, मग त्याने खरेच अडवला कशावरून? वस्तादांनी त्याला तिथल्या तिथे तालमीबाहेर काढले आणि हौद्यातली माती स्वतः उचलून नेम घातला. यापुढे पेनल्टीला आपल्या गोलकीपरकडे कोणी बघायचे नाही. काय झाले ते तो सांगेल आणि तो सांगेल ते मानायचे.

आजही पंचांची शिट्टी ऐकू येते, समोरच्यांचा जल्लोष ऐकू येतो, तरी गोलकीपरने हाक दिल्याशिवाय कोणी वळत नाही. गेल्या वर्षी एका गोलकीपरने हाक द्यायला फार वेळ लावला. हजारो माणसे पाठमोरी, गप्प उभी होती. त्या वेळात प्रत्येकाच्या मनात काय चालले असेल, ते मी सांगू शकतो. मीही त्यांच्यात उभा होतो, आणि माझी मान अर्धी वळली होती.