मिठावर घेतलेली आण

फार वर्षांपूर्वी, शिरखारच्या खाडीत शिडाच्या होड्या येत होत्या तेव्हा, गावात चांगुणा नावाची एक विधवा बाई राहत होती. शिरखारला शेती नव्हती, होती ती मिठागरं. भरतीचं पाणी बांधात अडवायचं, उन्हात आटवायचं, खाली उरलेलं मीठ ओढून बांधावर राशी घालायच्या आणि वैशाख सरताना ते वरच्या गावांना देऊन वर्षाचं भात घ्यायचं, असा गावाचा संसार. त्याला भीती एकच, चैत्र-वैशाखातल्या अवकाळी पावसाची. उघड्या राशीवर तो एक संध्याकाळ पडला, की वर्षाचं जेवण खाडीला मिळालं.

चांगुणेला हा पाऊस आधी कळायचा. कसा, ते तिलाही धड सांगता यायचं नाही. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा वेळेवर गालाला लागला नाही, की ती आभाळाकडे बघायला लागायची, एवढं खरं. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या की सगळा गाव बांधावर जमायचा आणि यंदा वारं कसं आहे, पाऊस कधी गाठेल, ते ती सांगायची. त्यावरून लोक राशी झाकायला डोंगराकडून गवत आणायचे. असं म्हणतात, की ती बोलू लागली की डोंगरावरचे ढगही थांबून ऐकायचे. कुणी पाहिलेलं नाही, पण खाडीच्या दोन्ही काठांना हे सांगतात.

मग दोन वर्षं लागोपाठ वाईट गेली. तिनं वाईट सांगितलं आणि त्याहून वाईट झालं. वारा असा सुटला, की राशींवरचं गवतही उडालं. उपाशी माणसाला कुणावर तरी खापर फोडायचं असतं. पावसाला धरून आणता येत नाही, चांगुणा मात्र हाताशी होती. आधी पाणवठ्यावर कुजबुज झाली, मग देवळात. ती बोलते म्हणून तो येतो, असं ठरून गेलं.

पुढच्या पाडव्याला रामाजी पाटलानं सगळ्यांदेखत तिच्या ओंजळीत मीठ घातलं.

"चांगुणे, तुझं तोंड वाईट हाय असं मी म्हणत नाय," तो म्हणाला. "पण गावाला भेव वाटतं. यंदा वाऱ्यापावसाचा एक शब्द काढू नको. घे मिठाची आण."

"आणि आलाच तर?"

"तू नाय बोललीस तर कशाला येल?"

ज्यांच्या राशी तिनं इतकी वर्षं राखल्या, त्यांच्यातला एकही मान वर करेना. तिला राग आला आणि रडूही आलं. पण मीठ हातात होतं, आणि मिठागरातली बाई मिठाची आण मोडत नाही. तिनं आण घेतली आणि घरी गेली.

त्या वर्षी ऊन असं पडलं, की मीठ रातोरात पिकायचं. राशी माणसाच्या दुप्पट उंच झाल्या. गवत कुणी आणलं नाही. गवत आणणं म्हणजे पावसाला आवतण देणं, असं आता शहाणी माणसंही म्हणत होती. रामाजी पाटील मिशीवर ताव देत बांधावरून फिरायचा.

आणि वैशाखातल्या एका दुपारी खारा वारा आलाच नाही.

चांगुणा दारात उभी राहिली. पाणी हलत नव्हतं. पूर्वेच्या डोंगरावर टिकलीएवढा काळा ढग धरला होता. ती पाटलाच्या अंगणात गेली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय गो?" त्यानं विचारलं. तिचे ओठ हलले, पण शब्द तिनं गिळला. ती मागे फिरली, स्वतःच्या खोपटावर चढली आणि शाकारलेलं गवत उपसू लागली.

लोक हसले. बाई चळली, म्हणाले. तिनं छपराचा भारा डोक्यावर घेतला, बांधावर नेला आणि पहिली रास झाकली ती रामाजी पाटलाची. मग दुसऱ्या भाऱ्यासाठी परत आली.

पाटलीण हे ओटीवरून बघत होती. ती पदर खोचून उठली. "तिनं आण पाळली," ती नवऱ्याला म्हणाली, "आता तू बी तोंड मिटून घे." आणि तिनं आपल्या घराचं गवत उपसायला घेतलं.

मग सगळ्या गावानं आपापली छपरं उतरवली. बायका भारे वाहत होत्या, बाप्ये राशी बांधत होते, आणि चांगुणेला कुणी काही विचारलं नाही. विचारलं तर तिच्या तोंडून शब्द निघून जाईल, ही भीती होती.

दिवस बुडताना डोंगर उतरून वारा आला. असं म्हणतात, की होड्या उडून ताडांच्या शेंड्यांना अडकल्या, आणि खाडी बांधावर चढून गावात डोकावून गेली. उघड्या वाशांखाली माणसं डोक्यावर टोपली घेऊन भिजत बसली.

एकच रास उघडी राहिली होती, चांगुणेची. गावात गवताची काडी उरली नव्हती. तिनं नेसूचं लुगडं सोडून राशीवर पसरलं आणि ते उडू नये म्हणून वर आडवी पडली. पाटलीण बांधावरून हाका मारत राहिली, पण ती आली नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. लुगडं जसंच्या तसं पसरलेलं, खाली मीठ कोरडं खडखडीत, आणि चांगुणा नाही. चिखलात पाऊल उमटलेलं नव्हतं, खाडीत काही सापडलं नाही. असं म्हणतात, की मिठावर पडणारा सगळा पाऊस तिनं अंगावर घेतला आणि ती विरघळली. गावाला त्या वर्षी पोटभर भात मिळालं. रामाजी पाटील त्या राशीपाशी बसून लहान पोरासारखा रडला. आण त्यानं घातली होती, आणि जिची सोडवायची तीच राहिली नव्हती.

शिरखारची घरं आता कौलारू आहेत. तरी प्रत्येक पडवीवर हातभर गवत शाकारलेलं असतं, एका ओढीत सुटेल अशा गाठीनं बांधलेलं. परगावचे पाहुणे हसतात. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, की ते गवत सोडून बांधावरच्या पहिल्या राशीवर घालतात. मग पाटलाच्या घरातलं थोरलं माणूस ओंजळभर मीठ खाडीत सोडतं आणि मोठ्यानं म्हणतं, "चांगुणाबाय, आण सुटली. बोल गो."

त्यानंतर कुणी चकार शब्द काढत नाही. खारा वारा येऊन गालाला लागेपर्यंत सगळा गाव उन्हात उभा राहतो. ज्या वर्षी तो वेळेवर येत नाही, त्या वर्षी माणसं बांधावरून घरी जात नाहीत. तशीच डोंगराकडे गवत आणायला निघतात.