खडा नको म्हणणारी पाटलीण

इतक्या जुन्या काळची ही गोष्ट, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव होतं. गावाचा निर्णय चावडीवर दोन मडकी ठेवून व्हायचा. ज्याला जे पटेल, त्या मडक्यात त्याने खडा टाकायचा. टाकायचा मात्र पुरुषांनीच.

एका वर्षी प्रश्न आला. तळ्याचा जुना बांध दुरुस्त करायचा, की शेजारच्या गावासारखी दगडी वेस उभारायची? दोन्ही कामं एका वर्षात होण्यासारखी नव्हती.

तेव्हा गावची परटीण पुढे आली. तिचा नवरा वारला होता. ती म्हणाली, "माझ्या घरात खडा टाकणारं कुणी नाही. बांधाखाली रोज कपडे धुते ती मी. आम्हा बायकांनाही खडा टाकू द्या."

चावडीवर एकच गलका झाला. एक म्हणाला, "घरात दोन मतं झाली की घर फुटतं!" दुसरा म्हणाला, "मग चुलीपाशी कोण बसणार?" जणू एक खडा टाकायला सहा महिने लागतात!

पण ती मागणी खरी बुडवली पाटलीणबाईने. ती उठून म्हणाली, "आम्हाला कशाला गं खडा? मी घरात सांगते, आणि हे ऐकतात." पुरुष खूश झाले. पाटलीणच नको म्हणते म्हटल्यावर बाकीच्या बायकाही गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी परटिणीने तिला बांधाखाली नेलं आणि झिरपणारं पाणी दाखवलं. "हे पाणी एरवी नितळ असतं, पाटलीणबाई. महिनाभर गढूळ येतंय. बांधातली माती आतून वाहून चाललीय."

पाटलीणबाई तडक घरी आली. दुपारी नवऱ्याला जेवायला वाढताना तिने सगळं सांगितलं. पाटील म्हणाले, "बरं, बरं. आमटी वाढ."

शेजारच्यांची वेस पाटलांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांचा खडा वेशीच्या मडक्यात पडला, आणि त्यांच्यामागून बहुतेकांचा.

वेस मोठी देखणी झाली. भाद्रपदात बांध फुटला. माणसं कशीबशी वाचली, पण शेतं गाळाखाली गेली आणि तळं रिकामं झालं. उन्हाळ्यात प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा अर्धं गाव त्याच देखण्या वेशीतून निघून गेलं. परटीणही गेली.

पाटील कपाळाला हात लावून म्हणाले, "मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी सांगितलं होतं," पाटलीणबाई म्हणाली. "तुम्ही 'बरं' म्हणालात. पण दोष तुमच्या एकट्याचा नाही. चावडीवर साऱ्या बायकांचे हात बांधले ते मीच."

पुढच्या चावडीला उरलेल्या बायकांना घेऊन ती गेली आणि सगळ्यांनी खडे टाकले. कुणी अडवलं नाही. जिची माफी मागायची, ती मात्र कुठल्या गावी गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लहानांनो, थोरांनो, आपलं मत दुसऱ्याच्या हाती सोपवलं, की ते आपलं राहत नाही.