धारेला कळेपर्यंत

गुलाबाच्या ऐन हंगामात एकदा एका म्हाताऱ्या अत्तरकाराने आपल्या शिष्याला भट्टीपाशी एकटे सोडले. शिष्याचा थोरला भाऊ तापाने जाऊन महिनाही झाला नव्हता. अक्षरांशी या शिष्याचे कधी जमले नव्हते, आणि हात विचाराच्या आधी धावत.

तांब्याच्या बंद हंड्यात फुले उकळत होती. त्यांची वाफ वेटोळ्या नळीतून गार पाण्याच्या पिंपात उतरे, निवे आणि अर्काची धार होऊन बाहेर पडे. धार कोमट राहील एवढेच पाणी पिंपात सोडायचे. ती गरम राहिली तर सुगंध उडून जातो; फार गार झाली तर तेलातले मेण नळीत गोठते, नळी तुंबते आणि हंडा फुटतो.

धार गरम लागली, म्हणून शिष्याने पिंपात पाणी सोडणारी एक तोटी उघडली. बोट लावले, तरी गरमच. आणखी उघडली. तरी गरम. मग त्याने दुसरी तोटीही पूर्ण सोडली. थोड्या वेळाने धार एकाएकी गार झाली, बारीक झाली, अडखळू लागली. झाकणाभोवतीचा मातीचा लेप फुसफुसू लागला.

तो जळती लाकडे बाहेर ओढायला झेपावला, तोच मागून आलेल्या म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याने विस्तव तसाच ठेवला, एक तोटी बंद केली, दुसरी अर्ध्यावर आणली आणि त्याचे मनगट न सोडता चक्क खाली बसला. कमरेची गाठींची दोरी काढून तो एकेक गाठ मोजू लागला.

"बाबा, हंडा फुटेल."

"मोज माझ्याबरोबर."

सत्तराव्या आकड्याला लेपातून वाफेची शीळ निघाली. शिष्याने हात हिसडला. पकड सुटली नाही. शंभराच्या पुढे धार जाड होऊ लागली, आणि एकशेविसाव्या गाठीला ती कोमट, सरळ पडू लागली.

"विस्तव काढला असतास तर मेण वितळलं असतं कशानं?" म्हातारा म्हणाला. "पाणी बदललं की धारेला कळायला या हंड्यात एवढा वेळ लागतो. दर वेळी एकच गोष्ट बदलून मी या गाठी मारल्यात. नळीत क्षार चढतो, म्हणून दरवर्षी दोरी नवी. तुझ्या बोटाला लागत होतं ते मघाचं होतं, पोरा. तू सोडलेलं पाणी आपलं काम करतच होतं. तू त्याला वेळ दिला नाहीस."

शिष्याचा चेहरा उतरला. दादाच्या तापात त्याने दोन दिवसांत तीन वैद्य बदलले होते, हे त्याने आजवर कुणाला सांगितले नव्हते. ते त्याने आता सांगितले आणि विचारले,

"म्हणजे पहिल्याचं औषध काम करतच होतं का, बाबा?"

म्हाताऱ्याने गाठींची दोरी त्याच्यापुढे धरली.

"ही दोरी या हंड्याची," तो म्हणाला. "शेजारच्या हंड्यालासुद्धा ती चालत नाही. तुझ्या दादाच्या तापाची दोरी कुणी बांधली नव्हती. तू नाही, मी नाही, त्या वैद्यांनीही नाही. मला ठाऊक नाही, आणि तुलाही ठाऊक नाही."

शिष्याला 'हो' हवे होते, नाहीतर 'नाही'. दोन्हींपैकी एकही मिळाले नाही, तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला रडू आले. म्हाताऱ्याने त्याला रडू दिले आणि भट्टी स्वतः सांभाळली.

जे आपण कधी मोजलेच नाही, त्याचा निकाल देण्याची दुःखाला फार घाई असते.