मोटार आणखी किती मैल पळेल?

"ही मोटार आणखी किती मैल पळेल, तेवढं मला सांगा," भैरवगड संस्थानचे राजे आबासाहेब म्हणाले. "आणि नेमका आकडा सांगा. 'पुष्कळ' चालणार नाही आणि 'थोडे'ही चालणार नाही."

राजवाड्यासमोरच्या पटांगणात जमलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मध्ये मोटार उभी होती. लांबलचक, निळीशार, आत लाल मखमल आणि फुलं ठेवायला चांदीची नळी. एका बड्या संस्थानिकानं आठ वर्षं वापरलेली ही मोटार शहरातले त्रिंबकशेठ विकायला घेऊन आले होते. राजेरजवाड्यांच्या जुन्या मोटारी विकणं हाच त्यांचा धंदा. मैल मोजणाऱ्या यंत्रावर एक्याऐंशी हजारांचा आकडा होता आणि शेठनी तो लपवलाही नव्हता.

"एक्याऐंशी हजार मैल पळालीय सरकार. आता दमली असणार," दिवाणजी म्हणाले.

"एक्याऐंशी हजार मैल पळूनही दमली नाही," त्रिंबकशेठ म्हणाले. "अजून लाखभर मैल सहज पळेल."

आबासाहेबांना दोघांचंही पटलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. कारण राजेसाहेब गोंधळले की हट्टाला पेटत.

"दुपारची तोफ होईपर्यंत मला आकडा हवा," ते म्हणाले. "नाही मिळाला, तर मोटार घेतली असं समजा."

हे ऐकून हैबती मोतद्दारानं हातातले लगाम घट्ट आवळले. मोटारीची किंमत बारा हजार रुपये. ती रक्कम उभी करायची म्हणून तबेल्यातले अकराच्या अकरा घोडे विकायचं ठरलं होतं. तीस वर्षं त्यानं तोच तबेला सांभाळला होता. घोडे मोजून घ्यायला म्हणून आज त्याला पटांगणात बोलावलं होतं. एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन असे लगाम धरून तो उभा होता. उरलेले पाच त्याची लेक येसू हिच्याकडे होते.

राजवाड्यातली घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी पुढं आले. "आतलं यंत्र बघितलं तर काही सांगता येईल," ते म्हणाले.

"झाकणाला सील आहे," शेठ हात जोडून म्हणाले. "विकत घ्या, मग खुशाल उघडा."

ज्योतिषीबुवांनी मोटारीची जन्मवेळ विचारली. ती कोणालाच ठाऊक नव्हती. त्यानंतर कोणीच पुढं येईना. सूर्य डोक्यावर येत चालला.

"सरकार, मी विचारू का?" येसूनं म्हटलं.

हैबतीनं तिला डोळ्यांनी दटावलं. पण आबासाहेबांनी मान डोलावली होती.

"तुला मोटारीतलं काय कळतं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सरकार. कळतं ते शेठना. म्हणून त्यांच्याशीच बोलते." ती त्रिंबकशेठकडे वळली. "शेठ, लाखभर मैल पळेल म्हणालात ना?"

"सहज पळेल."

"मग सरकारांनी मैलाला दोन आणे द्यावेत. मोटार जसजशी पळेल, तसतसे."

दिवाणजींनी बोटांवर हिशेब केला आणि दचकले. "अगं, लाख मैलांचे साडेबारा हजार होतात. शेठ मागतायत त्यापेक्षा पाचशे जास्तच."

"असू दे," आबासाहेब खूश होऊन म्हणाले. "शेठ, कबूल?"

त्रिंबकशेठनी रुमालानं मान पुसली. "सरकार, पण मैल मोजायला रोज कोण येणार?"

"यंत्र आहे की मोटारीत," येसू म्हणाली.

"तसं नाही... निदान निम्मे पैसे आगाऊ मिळाले तर बरं."

"मिळतील. मग निम्म्या मैलांची हमी लिहून द्या. पन्नास हजार."

दिवाणजींनी कागद ओढून टाक दौतीत बुडवला. शेठ त्या टाकाकडे बघत राहिले.

"पन्नास हजार म्हणजे... ते रस्त्यावर अवलंबून असतं, बाई."

"बरं, वीस हजार लिहा."

"तुमच्याकडे घाट फार आहेत."

"पाच हजार?"

"पावसाळ्यात चिखल होतो."

"पावसाळा सोडून. हजार मैल लिहायचे का?"

त्रिंबकशेठनी पुन्हा रुमाल काढला. टाकावरून शाईचा एक थेंब कागदावर पडला.

आता आबासाहेब स्वतः खुर्चीतून पुढं वाकले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "शेठ, ती पोर राहू दे. मी विचारतो. छातीवर हात ठेवून सांगा, किती मैल लिहून द्याल? कमी असले तरी रागावणार नाही."

शेठनी मोटारीकडे पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं, येसूकडे मात्र पाहायचं टाळलं.

"इथून रेल्वे स्टेशन नऊ मैल आहे," ते अखेर म्हणाले. "तेवढं नक्की जाईल, सरकार. म्हणजे... सगळा उतारच आहे."

मग आबासाहेब जे हसत सुटले, ते त्यांची पगडी कानावर आली तरी थांबेनात. दिवाणजी हसले, घड्याळजी हसले. शेवटी त्रिंबकशेठनाही हसू आवरेना.

"नऊ!" डोळे पुसत आबासाहेब म्हणाले. "मिळाला बरं का आकडा. शेठ, आमच्याकडे जेवून जा. उतार काही पळून जात नाही."

तोफ झाली तेव्हा अकरा घोडे परत तबेल्याकडे निघाले होते. राजेसाहेबांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि नदीकाठचं कुरण तिच्या नावानं करून दिलं. वर हुकूम सोडला, की यापुढं दरबारात कोणी काहीही विकायला आलं, तर आधी येसूशी बोलायचं.

त्या वर्षी भैरवगडात विकायला येणारे शेठ निम्मेच झाले.