आत्यासाहेबांची पाठ

करंजगडचा दरबार तीन दिवस आत्यासाहेबांच्या पाठीपाशी अडला होता.

आत्यासाहेब म्हणजे रणधीरराजांच्या सख्ख्या आत्या. वय वर्षे पासष्ट. त्या वैशाखात उन्हाने कहर केला, पाठभर घामोळं उठलं, तेव्हा त्यांनी ठकू शिंपिणीकडून एक चोळी शिवून घेतली. पुढून नेहमीसारखी, मागे नुसते दोन बंद. पदरही डोक्यावरून न घेता गोळा करून खांद्यावर टाकला आणि रोजच्यासारख्या दरबारात येऊन बसल्या. त्यांना बरं वाटलं. दिवाण त्र्यंबकपंतांना वाटलं नाही.

पंतांचं म्हणणं, पन्नाशीनंतर बाईने गळ्यापर्यंत झाकून असावं. सेनापती म्हणाले, पन्नाशी फार उशीर होईल, चाळिशी धरा. शास्त्रीबुवांनी पोथ्या चाळल्या. पाठीबद्दल कुठे काही सापडलं नाही, पण असणार, असं त्यांनी सांगितलं. राजवैद्यांनी घामोळ्याला वारा लागलेला बरा एवढंच म्हटलं, तर विषय सोडून बोलू नका म्हणून त्यांना खाली बसवलं. तळ्याचा बांध फुटायला आला होता, तो विषय पुढच्या आठवड्यावर गेला. आत्यासाहेब तिथेच बसल्या होत्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी पंतांनी निर्वाणीचं सांगितलं. चोळी बदला, नाहीतर मी काशीला निघालो.

"चोळी बदलणार नाही," आत्यासाहेब म्हणाल्या. "पंतांना वाटेत खायला दशम्या बांधून देते."

राजे पेचात पडले. पंत गेले तर कारभार कोण बघणार, आणि आत्यांनी तर त्यांना आईच्या मागे वाढवलेलं. दोघांपैकी कुणालाच नाही म्हणवेना. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि ठकूला बोलावणं गेलं.

ठकू विधवा. घरात आंधळी सासू, दोघींचं पोट एका सुईवर.

"नवी चोळी शिव," राजे म्हणाले. "आत्यासाहेबांची पाठ उघडी राहिली पाहिजे, आणि भर दरबारात ती कुणाला दिसता कामा नये. आठ दिवसांत जमलं नाही, तर आमच्या मुलखात राहायचं नाही."

हे कसं जमायचं, असं विचारायची पद्धत तिथे नव्हती. ठकू घरी आली. सासूला काय सांगावं तिला कळेना, म्हणून तिने आधी भाकऱ्या केल्या. आळीतल्या बायकांनी भरभरून सल्ले दिले. एकीने जाळीचं कापड सुचवलं, एकीने कातडीच्या रंगाचं. शेजारणीने बांधाबांधीला मदत करते म्हटलं, कारण ठकूच्या जात्यावर तिचा बरेच दिवस डोळा होता.

ठकूने सगळ्यांचं ऐकलं आणि कुणाचंच केलं नाही. ती दरबारच्या म्हाताऱ्या चोपदाराकडे गेली आणि दरबारात कोण कधी उठतं, कधी वाकतं, ते त्याला विचारलं. चाळीस वर्षांत चोपदाराला हे कुणीच विचारलं नव्हतं. तो दुपारभर बोलला.

आठ दिवस सरले. चोपदाराने ललकारी दिली, आत्यासाहेब नवी चोळी घालून आल्या आणि आपल्या आसनावर बसल्या. त्या टेकतात न टेकतात तोच पंत पुढे झाले.

"महाराज, फसवणूक आहे! पाठ दिसते. आधीपेक्षा चार बोटं जास्तच दिसते."

राजांचा चेहरा लाल झाला. ठकू हात जोडून उभी होती. तिने एवढीच विनंती केली, की ज्यांना ज्यांना पाठ दिसली त्यांनी पुढे यावं, म्हणजे शिक्षा रीतसर होईल. पंतांसह सत्तावीस जण पुढे आले. सेनापतींनी बंद गुलाबी असल्याची साक्ष दिली. शास्त्रीबुवांनी डाव्या खांद्याखाली तीळ असल्याचं सांगितलं. ठकूने कुणाला मध्येच तोडलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर ती चोपदाराकडे वळली. "बाबा, आत्यासाहेब दरबारात आल्या की रिवाज काय?"

"सगळ्यांनी मुजरा करायचा."

"आणि मान वर कधी करायची?"

"त्या आसनावर बसल्यावर. जातानाही तसंच. त्या दाराबाहेर पडेपर्यंत मान खाली."

"बसल्यावर त्यांची पाठ कुठं असते?"

"लोडाला."

ठकू राजांकडे वळली. "सरकार, तुम्ही समोर बसता, तुम्हाला त्यांचं तोंड दिसतं. बाकीच्यांच्या माना खाली. पाठ उघडी आहे आणि रिवाज पाळणाऱ्या कुणालाच ती दिसत नाही. चोळी हुकमाप्रमाणं झाली. आता या सत्तावीस जणांच्या माना वर कशा गेल्या, ते मला कसं ठाऊक असणार? मी चोळ्या शिवते, माना नाही शिवत."

राजे पंतांकडे वळले.

"पंत," राजांनी विचारलं, "आपण ती पाठ कधी पाहिलीत?"

"पाहिली असं नाही, महाराज," पंत म्हणाले. "ऐकीव होतं."

सेनापतींचंही ऐकीवच निघालं. शास्त्रीबुवांना तर वर्षभर नीट दिसतच नव्हतं. सत्तावीस जण एकेक करून मागे सरकू लागले, तसं राजांना हसू आवरेना. ते इतके हसले, की मंदिल कानावर आला.

ठकूला राहत्या घराची सनद आणि नदीकाठची पाच बिघे जमीन मिळाली. आठवड्याच्या आत तिच्याकडे तसल्याच एकोणीस चोळ्या शिवायला आल्या. त्यांतली एक पंतांच्या घरून होती.

पंतांना काशीला जायची गरज उरली नाही. राजांनी त्यांना एवढंच सांगितलं, की आपले काही मुजरे अर्धवट राहिलेत, ते आजच पुरे करून टाका. आत्यासाहेब 'पुरे' म्हणेपर्यंत मान वर करू नका.

पंत वाकले. आत्यासाहेबांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि सावकाश सुपारी निवडायला घेतली.