निवलेलं ताट

फार पूर्वी डोंगराआडच्या एका राज्यात एक आचारी होता. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती, तिथे तो वाटसरूंसाठी रांधायचा. दमूनभागून आलेली माणसं बोटं चाटून जेवायची, "अजून एक भाकरी वाढा हो," म्हणायची. त्या गलबल्यात आपण एकटे आहोत हे त्याला कधी जाणवलंच नाही.

एकदा राज्याचा कारभारी तिथे जेवला आणि आचाऱ्याला थेट राजवाड्यात घेऊन गेला.

राज्य तेव्हा राणी चालवत होती. राजाला कुणीतरी जेवणातून विष घातलं होतं, तेव्हापासून वाड्यात कडक नियम होता. मुदपाकखान्यात आचाऱ्याने एकट्याने रांधायचं आणि ताट भिंतीतल्या खिडकीतून बाहेर सरकवायचं. पलीकडे चाखणारे बसलेले असत. ते घासभर खात, वाट बघत, आणि कुणाला काही झालं नाही म्हणजे मग ताट राणीपुढे जाई. आचाऱ्याने राणीसमोर जायचं नाही. गेला तर अंधारकोठडी.

मुदपाकखान्यात कशाची कमी नव्हती. लखलखीत भांडी, सुवासिक तांदूळ, कणीदार तूप. सुरुवातीला आचारी हरखून गेला. मग तो ताट सरकवल्यावर खिडकीशी कान देऊन उभा राहू लागला. पलीकडून काहीच ऐकू येत नसे. ताट जाई आणि घासूनपुसून परत येई.

त्याने पहारेकऱ्याला विचारलं, "राणीसाहेबांना भरीत आवडलं का रे?"

"आपण ताट पोचवायचं. विचारायचं नसतं," असं म्हणून पहारेकऱ्याने खिडकी लावून घेतली.

त्याने कारभाऱ्याला विचारलं. कारभारी म्हणाला, "खायला-ल्यायला मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे. आणखी काय हवंय तुला?"

आचारी परत चुलीपाशी जाऊन बसला.

होळीला त्याने जीव ओतून पुरणपोळ्या केल्या. ताट गेलं, ताट आलं. चुलीपुढे बसून तो मोठ्याने म्हणाला, "छान झाली बरं का पोळी!" आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

वर्षं सरत गेली, तसं हळूहळू त्याचं लक्ष उडालं. एकदा आमटी तळाला लागली, तरी तशीच गेली. त्याचं धाबं दणाणलं. आता बोलावणं येणार म्हणून तो दाराकडे बघत बसला. कुणी आलं नाही. शिक्षा टळली होती, तरी त्याला रडू कोसळलं. चांगलं केलं काय अन् करपवलं काय, कुणाला त्याचं काहीच नव्हतं.

त्याने निघून जायचं ठरवलं. पण उंबऱ्यात पाय अडला. 'इतकी वर्षं जिच्यासाठी रांधलं, ती बाई कशी दिसते तेही मला माहीत नाही. एकदा विचारून तरी जावं. मग कोठडी तर कोठडी.'

त्या दुपारी तो ताटामागोमाग निघाला. राणीच्या दाराशी पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आचारी, राणीसाहेब."

राणी म्हणाली, "येऊ दे त्याला."

लांबच लांब दालनात एकच पाट मांडलेला होता. राणी त्यावर बसली होती. शेजारी कुणी नाही, समोर कुणी नाही.

"नियम मोडलास," ती म्हणाली. "मला मारायला आलास?"

"नाही." आचारी म्हणाला. "विचारायला आलो. जेवण बरं असतं का?"

"हे मला कधी कुणी विचारलं नाही," राणी हळूच म्हणाली. "आणि सांगू तरी काय? चव घ्यायचं मी सोडूनच दिलंय. तूच खाऊन बघ."

आचाऱ्याने घास घेतला. भाकरी वातड झाली होती, आमटीवर तूप थिजलं होतं.

"राणीसाहेब, मी केलं तेव्हा हे असं नव्हतं हो!" तो कळवळून म्हणाला. "काय शिक्षा द्यायची ती द्या. पण आधी एकदा खाली चला. चुलीपाशी बसून एक गरम भाकरी खा."

कारभारी धावत आला. "राणीसाहेब, जाऊ नका! राजेसाहेबांचं काय झालं ते आठवा."

राणी त्या निवलेल्या ताटाकडे बघत राहिली, मग उठली आणि जिना उतरू लागली.

आचाऱ्याने टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकली, शेजारी पिठलं वाढलं. ते कुणीही चाखलेलं नव्हतं. राणीने डोळे मिटून घास घेतला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"कसं आहे?" आचाऱ्याने भीत भीत विचारलं.

"भाकरी छान," राणी म्हणाली. "पिठल्यात मीठ मात्र कमी आहे."

आचारी खुदकन हसला. घाईघाईने मीठ आणायला उठला, पण डोळे डबडबल्याने मिठाचा डबाच त्याला दिसेना.

कोठडी टळली. राणीला काही रोज खाली येता यायचं नाही. राज्याचा पसारा मोठा होता. पुष्कळ दिवस आचारी एकटाच असायचा. पण अशा दिवशी खिडकीतून निरोप यायचा, "वांगी तिखट झाली," नाहीतर "खीर उद्या पुन्हा कर." तो निरोप ऐकून आचारी दुसऱ्या दिवशीची डाळ निवडायला बसायचा.

तात्पर्य: कामाने पोट भरतं, पण मन भरायला ते ज्याच्यासाठी केलं तो माणूस भेटावा लागतो. तो दिसत नसेल, तर काम सोडण्याआधी एकदा त्याच्या दाराशी जाऊन विचारावं. कदाचित तोही एकटाच बसलेला असेल.