कोरड्यास काय?

एकदा एक वृद्ध कोशकार खाद्यपदार्थांच्या शब्दांचा कोश रचीत होते. त्यांची शिष्या इंदुमती माणदेशातून शहरात शिकायला आलेली. बुद्धीने तल्लख, पण शिक्षणाचा तोरा भारी! ‘कोरड्यास’ हा शब्द आला, तशी तिने सरळ त्यावर काट मारली.

“गुरुजी, भाकरीबरोबरच्या कालवणाला आमच्याकडे असं म्हणतात. अगदीच गावंढळ! माझी आई पाहुण्यांदेखतसुद्धा म्हणायची. मीच तिला बंद करायला लावलं.”

“मग आता काय म्हणते ती?”

इंदुमतीचा आवाज उतरला. “दोन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलतच नाही फारशी. काही चुकेल म्हणून बिचकते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी स्वतः ज्वारीची भाकरी थापली आणि तिच्यापुढे ठेवली. नुसती भाकरी! ना कांदा, ना मीठ. इंदुमतीला नवल वाटले, पण गुरूंना विचारणार कसे? पहिला घास गेला, दुसरा तोंडात फिरत राहिला, तिसरा घशाशी अडकला.

“गुरुजी, कोरड्यास काही नाही का?”

बोलली आणि तिने जीभ चावली. चुलीपुढची आई आठवली, ‘कोरड्यास अजून वाढू का गं?’ म्हणणारी, आणि तिला रडूच फुटले.

गुरुजींनी झाकून ठेवलेले पिठले पुढे सरकवले.

“ज्याने हा शब्द प्रथम उच्चारला, त्याच्याही घशाशी असाच घास अडकला असेल. कोरड्या भाकरीला ओलं काहीतरी हवं. मग पिठलं असो, आमटी असो, घरात असेल ते. व्युत्पत्ती मी कागदावर सांगितली असती, पण तुला ती जन्मापासून ठाऊक आहे. आईनं पोटाशी धरून शिकवलेली भाषा तू तिच्याच तोंडून काढून घेतलीस, बाई. मग तिनं तुझ्याशी बोलावं तरी कशात?”

इंदुमतीने मिळेल ती एसटी पकडून गाव गाठले. आईने ताट मांडले आणि धडा म्हणावा तसे जपून विचारले, “भाजी वाढू?”

“आई, कोरड्यास काय केलंयस?”

आई बघतच राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “हुलग्याची आमटी केलीया, बया. बस, वाढते.”

आणि मग शेजारची म्हैस व्याली, कुणाचं लगीन मोडलं, विहिरीला पाणी किती, दोन वर्षांचं साठलेलं सगळं ती बोलत सुटली. जेवण कधीच उरकले होते, ताटावर दोघींचे हात वाळले, तरी हात धुवायला कुणी उठेना.